परांचीखालचा डबा

आमच्या घरात दारासमोरच्या कोनाड्यात एक वीट आहे. साधी, भट्टीची, एक कोपरा उडालेली. माय रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवते. माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट मात्र पत्र्याच्या पेटीत, जुन्या गोधड्यांच्या खाली आहे. आमच्या घराण्यात पहिल्यांदा सिव्हिलचा डिप्लोमा आला, त्या दिवशी बाबांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि जपून ठेव म्हणाले. वीट घरात आली तेव्हा त्यांनी आधी हात धुतले आणि मग ती हातात घेतली. ज्या माणसामुळे ही वीट आमच्या घरी आली, त्याच्यावर मी जळतो. 'हेवा वाटतो' असं सभ्यपणे म्हणता येईल, पण जे आहे ते आहे. जळतो.

हिंगोलीत औंढा रोडला एका खाजगी दवाखान्याची इमारत उठत होती आणि मी तिथे साइट इंजिनिअर होतो. म्हणजे ठेकेदाराच्या शिव्या खाली पोचवायच्या आणि मजुरांच्या तक्रारी वर पोचवायच्या. हळदीच्या हंगामात आमच्याकडे गवंडी मिळत नाहीत. निम्मी माणसं हळद काढायला आणि शिजवायला शेतांवर निघून जातात. तेव्हा ठेकेदाराने मलाच विचारलं, तुझे वडील रिकामे आहेत का. बाबा रिकामे नव्हते, मी त्यांना महत्प्रयासाने घरी बसवलं होतं. पण ते माझ्या उत्तराची वाट बघत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी थापी, ओळंबा घेऊन आणि डोक्याला रुमाल बांधून माझ्या आधी साइटवर हजर.

कामाच्या अटींमध्ये सेफ्टीचा माणूस ठेवा असं लिहिलेलं होतं म्हणून ठेकेदाराने एक ठेवला. तो हा. कुरुंद्याकडचा, घरची हळदीची शेती, पुण्यात उंच टॉवरांच्या कामावर बरीच वर्षं काढून परत आलेला. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यात एक शिट्टी, जी त्याने कधीच वाजवली नाही. डोक्यावर हेल्मेट. ते तो चहाच्या टपरीवर काढत नसे, रसवंतीवर काढत नसे, आणि एका मजुराच्या लग्नात तो हेल्मेट घालूनच पंगतीला बसलेला मी पाहिला आहे. वाढपी हसत होते. हा पंख्याकडे बघत जेवत होता. चालताना त्याची मान कायम वर असायची, त्यामुळे खालच्या खडीला दिवसातून दहादा ठेचकाळायचा. पायाचा अंगठा कायम फुटलेला. सेफ्टीचा माणूस आणि स्वतःचा अंगठा सांभाळता येत नाही, असं मी ठेकेदाराला एकदा म्हणालो. ठेकेदार हसला आणि म्हणाला, पण माणूस भारी आहे. तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं.

सकाळी काम सुरू होताना सेफ्टीचं भाषण द्यायचं असतं. माझ्याकडे ते छापील होतं. मी दिलंही होतं, लोक तंबाखू मळत ऐकायचे. हा भाषण द्यायचा नाही. जो वर चढणार त्याला अडवायचा आणि विचारायचा, तुमच्या खाली आज कोण आहे. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, त्यांच्या डब्यात काय आहे. हे माहीत नसेल तर शिडीला हात लावू देत नसे. मग तो माणूस मुकाट्याने खाली काम करणाऱ्या बाईकडे जायचा आणि विचारून यायचा, पिठलं आहे, किंवा कालचीच भाजी आहे. सुरुवातीला लोक फिदीफिदी हसले. नंतर सगळ्या साइटला सगळ्यांचे डबे पाठ झाले. कोणाच्या घरी तेल संपलंय, कोणाची सून चांगलं भरीत करते, सगळं. मी एकदा चिडून विचारलं की याचा सेफ्टीशी काय संबंध. तो म्हणाला, "पुन्याला वरचा आन् खालचा एकमेकाला वळखत नव्हते." पुण्यात काय झालं होतं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मलाही तो आवडायला लागला असता.

वरून काही पडलं की त्याचा दुसरा चाळा सुरू व्हायचा. पाना पडो, खिळा पडो, फळीचा तुकडा पडो. तो ती वस्तू उचलायचा, शर्टाला पुसायचा, सगळे मजले चढून ज्याच्या हातून पडली त्याच्यापाशी जायचा आणि दोन्ही हातांनी त्याला परत द्यायचा. म्हणायचा, "तुमचं लेकरू खाली आलं व्हतं." बस, इतकंच. ओरडणं नाही, दंड नाही. घेणारा माणूस असा काही लाजायचा की बघवत नसे. पुढच्या आठवड्यात साइटवरच्या प्रत्येक थापीला आणि हातोडीला सुतळी बांधलेली आणि सुतळीचं दुसरं टोक मनगटाला. मी हेच लेखी काढलं होतं, सहीशिक्क्यासह. तो कागद नंतर कोणीतरी भजे बांधायला नेला.

बायकांच्या हेल्मेटचं तर विचारू नका. डोक्यावर घमेलं घ्यायचं म्हणजे चुंबळ हवी, आणि चुंबळ असली की हेल्मेट बसत नाही. मी हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हा बायकांनी त्यात पाणी भरून ठेवलं. ह्याने कुठूनतरी जुनं लुगडं आणलं, रात्री बसून हेल्मेटभोवती चुंबळ शिवली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः ते डोक्यावर चढवून खडीचं घमेलं घेऊन दिवसभर बायकांच्या रांगेत चालला. दोनदा सगळी खडी अंगावर घेतली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याच्याकडून चुंबळी शिवून घेतल्या.

हे सगळं मी सहन केलं असतं. बाबांच्या बाबतीतलं सहन झालं नाही.

बाबांनी आयुष्य विटा झेलून सुरू केलं. खालचा माणूस विटा फेकतो, परांचीवरचा, म्हणजे बांबूफळ्यांच्या मचाणावरचा, वाकून झेलतो. बाबा एकावर एक अशा दोन विटा एकदम झेलायचे, चटकन, बघणाऱ्याला कळायच्या आत. पुढे गवंडी झाले, हाताखाली माणसं आली, तरी आपल्या भिंतीच्या विटा स्वतःच झेलायचे. दुसऱ्याने झेललेली वीट त्यांना उष्टी वाटायची. आयुष्यात हातून एक वीट सुटली नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान. आणि नेम असा की विटांचा थर अर्धवट सोडून खाली उतरायचं नाही. कोणीही बोलावो. माझा जन्म झाला तेव्हा निरोप घेऊन माणूस कामावर गेला, तर बाबांनी हातातला थर पूर्ण केला, थापी धुतली आणि मग दवाखान्यात आले. माय हे अजून प्रत्येक पाहुण्याला हसत सांगते. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

पण आता बाबांचे डोळे गेले होते, म्हणजे जात होते. जेवताना ते वरण ताटाच्या कडेवर वाढून घ्यायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं की कान बंद. मी साइटवर कप्पी बसवली, बादलीने विटा वर ओढा म्हणालो. बाबांनी कप्पीवर रुमाल वाळत घातला. मी सगळ्यांसमोर विटा फेकायला बंदी केली. माझी पाठ फिरली की खालचा माणूस फेकायचा आणि वरचा झेलायचा. घरी समजावलं, मायला सांगायला लावलं, एकदा भांडलोही. ते म्हणाले, तू सायब असशील साइटवर. आणि कूस बदलून झोपले. मला एकच गोष्ट हवी होती, बाबांनी परांचीवरून खाली उतरावं. माझ्या शब्दावर उतरावं, ही दुसरी गोष्ट होती, ती मी कोणाला बोलून दाखवली नाही.

त्या सेफ्टीवाल्याने काय करावं? तो दुपारी आपला डबा घेऊन आला आणि बाबा जिथे विटा झेलत होते त्याच्या बरोबर खाली, मातीत, मांडी घालून बसला. डबा उघडला आणि जेवायला लागला. विटा फेकणारा थांबला. बाबांनी वरून विचारलं, तिथं काहून बसलात. तो म्हणाला, "तुमच्या हातून वीट सुटत न्हाई म्हनतात. मंग इथंच सावली बरी हाय."

मला वाटलं बाबा संतापतील. त्यांनी फेकणाऱ्याला खूण केली, दोन नको, एकच. एक एक वीट अशी जपून घेतली की तसं मी कधी बघितलं नव्हतं. थर पूर्ण केला, खाली उतरले आणि त्याच्या शेजारी बसले. त्याच्या डब्यात ओल्या हळदीचं लोणचं होतं. बाबांनी ते चाखलं आणि मान डोलावली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. माझ्या डब्यातलं बाबांनी कधी मागून घेतलं नव्हतं, कारण माझा डबा आणि त्यांचा डबा एकाच हाताने भरलेला असायचा, पण तेव्हा मला ते कारण सुचलं नाही.

मग हे रोजचंच झालं. तो खाली बसायचा, बाबा वरून विचारायचे, आज काय हाय डब्यात. तो सांगायचा. कधी लोणचं, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी नुसतं पिठलं. बाबा हसायचे. घरात चार शब्दांच्या वर न बोलणारा माणूस परांचीवरून खाली गप्पा मारत होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे कुठल्याच नियमात बसत नाही, कामाखाली माणूस बसवू नये हा तर पहिला धडा आहे, आणि एक दिवस कोणाला तरी लागेल. तो म्हणाला, बराबर आहे तुमचं. आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच.

हे मी लिहून ठेवतो, कारण कोणीच कधी म्हटलं नाही. मी बरोबर होतो.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी ऊन असं होतं की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. थर निम्मा झाला होता आणि विटा संपल्या, म्हणून बाबांनी आणखी मागवल्या. तो खाली नुकताच टेकला होता, डबा उघडायचा होता. थराला पुरतील इतक्या विटा वर पोचल्या आणि फेकणाऱ्याने शेवटची वीट फेकली. ती बाबांच्या बोटांना लागून वर उडाली आणि मग खाली गेली. हेल्मेट फुटल्याचा आवाज मी आत ऐकला. डोकं वाचलं. वीट तिथून घसरून खांद्यावर आली आणि खांद्याचं हाड मोडलं. तो ओरडला नाही. त्याचा डबा सांडला होता आणि तो दुसऱ्या हाताने भाकरीवरची माती झटकत होता. आम्ही त्याला उचलून ऑटोत घातलं.

बाबा उतरले नाहीत. ऑटो फाटकाबाहेर गेला आणि मी वर बघितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि वीट लावत होते. एक लावली, थापीने ठोकली, दुसरी उचलली. सगळी साइट खाली, मान वर करून उभी. कोणीतरी म्हणालं, दगड आहे म्हातारा. मला ठाऊक होतं की त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. राहिलेला थर त्यांनी पूर्ण केला, खाली आले, थापी धुतली, पुसली, पिशवीत घातली आणि कोणाशी न बोलता घरी चालत गेले. त्या दिवसानंतर ते कामावर गेले नाहीत.

मी दवाखान्यात गेलो. खरं सांगायचं तर थोडा विजयी मुद्रेने गेलो. ठेकेदार तिथे बसून घाम पुसत होता. सेफ्टीवाला पडल्या पडल्या त्याला सांगत होता की चूक माझी, मी नको त्या जागी बसलो, म्हाताऱ्याला काही म्हणायचं नाही. ठेकेदार गेल्यावर त्याने मला विचारलं, "तुमचे बाबा खाली उतरले का?"

"उतरले. आता परत चढतील असं वाटत नाही."

"झालं तर मंग," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर असं समाधान, की जसं काही हिशोबाने सगळं जमवलं होतं.

मला वाटलं, त्याचा दुसरा खांदाही आपणच मोडावा. मी कप्पी बसवली, बंदी केली, भांडलो, आणि बाबा उतरले ते ह्याच्या खांद्यासाठी. त्या मोडलेल्या खांद्याचासुद्धा मला हेवा वाटला. माझा खांदा मला का सुचला नाही, असं मी रस्ताभर स्वतःला विचारत घरी आलो. बरं, सुचला असता तरी मी त्यांच्या हाताखाली बसलो असतो का? त्या माणसाला माझ्या बापाच्या हातांवर माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता, हे मला खुपत होतं. आणि तो भरवसा चुकीचा ठरला होता, तरी खुपणं कमी होत नव्हतं.

काही दिवसांनी तो आमच्या घरी आला. एक हात गळ्यात बांधलेला, डोक्यावर नवं हेल्मेट, ते दारातून आत येतानाही काढलं नाही. दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी जड. बाबा तेव्हापासून बोलत नव्हते. माय जेवायला वाढायची, ते दोन घास खाऊन उठायचे. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि रुमाल सोडला.

"तुमचं लेकरू खाली आलं व्हतं," तो म्हणाला. "दोनी हातानं द्याया पाह्यजे. पन एकच चालून राहिला सद्या."

बाबा उठले. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुसले आणि दोन्ही हातांनी वीट घेतली. बराच वेळ ती पोटाशी धरून उभे राहिले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"त्या दिशी विचारायचं राह्यलं. काय व्हतं डब्यात?"

"भाकर आन् ओल्या हळदीचं लोनचं. समदं सांडलं."

मायने डोळ्याला पदर लावला. मी चहा ठेवायला आत गेलो. कोणीतरी ठेवायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी मायने मंडईतून ओली हळद आणली आणि तेव्हापासून आमच्या घरात ते लोणचं बारा महिने असतं. मला ते आवडत नाही. आवडतं, पण मी वाढून घेत नाही.

खांदा जुळल्यावर तो निघून गेला, कुठल्याशा पुलाच्या कामावर. फोन करतो. माझा नंबर त्याच्याकडे आहे, पण करतो बाबांना. फोनवर दोघांचं बोलणं एवढंच, आज डब्यात काय होतं. बाबांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं तेही त्याच्या फोननंतर. हिरवी पट्टी डोळ्यावर असताना पहिला प्रश्न, सेफ्टीच्या सायबाला कळवलं का. मी शेजारी बसलो होतो, रजा टाकून.

यंदा मी बायपासकडे एक छोटा प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधायला काढल्या. गवंडी ठरवला होता. बाबा म्हणाले, भिंत माझी. माय भांडली, मी हात जोडले, पण बाबांनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून न चढलेला माणूस माझ्या घरासाठी चढला. मनगटाला सुतळी, सुतळीला थापी. विटा मात्र कप्पीनेच घेत होते, मुकाट्याने. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हेही त्याचंच.

खिडकीच्या वरचा थर चालू होता. दुपार झाली आणि माझ्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक. म्हणजे काय आलं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी मायने दिलेला डबा उचलला आणि बाबा जिथे परांचीवर उभे होते त्याच्या बरोबर खाली जाऊन मांडी घालून बसलो. हेल्मेट घालून. मला एकदा बघायचंच होतं. त्या माणसाला जे मिळालं ते मला मिळतं का. मी डबा उघडला आणि वरून प्रश्न येण्याची वाट बघायला लागलो.

बाबांनी खाली बघितलं.

"उठ तिथून."

"काहून? सायब बसायचे की."

"सायबाचं येगळं."

बस. हेच ऐकायला मी बसलो होतो जणू. मी हट्टाने भाकरीचा घास मोडला. म्हटलं, आता उठायचं नाही. ठोका थापी. करा थर पूर्ण.

वरून थापीचा आवाज आला नाही. मी वर बघितलं. बाबांच्या एका हातात वीट होती, दुसऱ्या हातात सिमेंटचा माल घेतलेली थापी, आणि दोन्ही हात तसेच थांबलेले. थापीवरचा माल घसरून परांचीच्या फळीवर पडला. त्यांनी वीट हळूच फळीवर ठेवली, भिंतीवर नाही. मनगटाची सुतळी सोडली. शिडीची एक एक पायरी पायाने चाचपत खाली आले आणि माझ्या दंडाला धरून मला भिंतीपासून दूर, लिंबाच्या सावलीला नेलं. स्वतः शेजारी बसले. हात न धुताच माझ्या डब्यातलं लोणचं उचललं.

"तू खाली असला का माजा हात चालत न्हाई," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "ध्यानात ठेव."

आम्ही जेवलो. वर खिडकीवरचा थर अर्ध्यावर उघडा पडला होता, माल सुकत होता, थापी तशीच न धुतलेली. माझ्या जन्माला न सुटलेला, त्या माणसाच्या खांद्यालाही न सुटलेला तो थर. बाबांनी तिकडे एकदाही पाहिलं नाही. मला मनापासून वाटलं की त्या सेफ्टीवाल्याने आत्ता इथे असायला हवं होतं, हेल्मेट घालून, मान वर करून. त्याने तो अर्धा थर बघावा आणि जळावं.